लांबचा डोळा, जवळचा डोळा

"आज मी लांबचा डोळा होते," बटण जेवता जेवता म्हणाली. "उद्या जवळचा."

बटण म्हणजे शिट्टीमास्तरांची एकुलती एक लेक, पहिलीत जाणारी. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली होती की आत्याने म्हणे तिला कोटाच्या खिशात घालून दवाखान्यातून घरी आणलं, आणि वाटेत खिशाचं बटण तुटलं म्हणून पोर पडता पडता राहिली. नाव तिथून पडलं. खोटं वाटत असेल तर आत्याला विचारा. कोट अजून आहे.

आणि शिट्टीमास्तर म्हणजे मोठ्या चौकातले वाहतूक हवालदार. मिशी अशी भरघोस की वाऱ्याने तिचं एक टोक डावीकडे वळलं तर समोरचे दोन सायकलवाले मुकाट डावीकडे वळत. शिट्टीत तर त्यांचा हात, म्हणजे तोंड, धरणारं कोणी नव्हतं. ट्रकला वेगळी, स्कूटरला वेगळी, चुकीच्या बाजूने येणाऱ्या शहाण्याला तर अशी की त्याला आपले शाळेतले मास्तर आठवावेत. एवढं असून गृहस्थाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा उतारावर हातात धरून न्यायचे.

"कसला डोळा गं?" त्यांनी सहज विचारलं.

"मामांचा."

मामा म्हणजे शिट्टीमास्तरांचे सासरे. शाळेची व्हॅन चालवत. पोरं त्यांना मामा म्हणत, पोरांचे आईबाप मामा म्हणत, जावईही मामाच म्हणत. बटणचे ते आजोबा, पण व्हॅनमध्ये बसल्यावर तीही इतरांसारखी मामाच म्हणायची, ओळख दाखवायची नाही असा नियम होता. गाडी इतकी जुनी की भंगारवाला दिसला की तिच्याकडे बघून आदराने हात जोडायचा. पण मामांना कधी उशीर नाही, कुठे खरचटणं नाही. गावातल्या बायका घड्याळाला चावी द्यायला विसरत, कारण मामांची व्हॅन कोपऱ्यावर आली की कामाला लागायची वेळ झाली हे ठरलेलं.

"मामांना डोळे नाहीत वाटतं?" शिट्टीमास्तर हसत म्हणाले.

"आहेत की," बटण म्हणाली. "पण त्यातून दिसत नाही ना. म्हणून पुढच्या सीटवर दोघं बसतात. लांबच्या डोळ्याने सिग्नल आणि वळणं सांगायची. जवळच्या डोळ्याने कुत्रं, खड्डा, सायकल आणि म्हाताऱ्या बायका. ज्याचं चुकत नाही त्याला शेवटी लिमलेटची गोळी." तिने जीभ बाहेर काढून दाखवली. ती पिवळीधमक होती.

शिट्टीमास्तरांचा घास हातातच राहिला. मिशीची दोन्ही टोकं, एरवी कधीही एकमताने न वागणारी, एकदम खाली आली.

"अहो, खेळतात बाबा पोरांशी," बायको म्हणाली. "तुम्ही लगेच काय पंचनामा मांडता?"

"परवा त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या तुझ्या साडीला विचारलं, 'काय गं, बरी आहेस ना?'"

"चेष्टा केली असेल."

"साडीशी? आणि गेल्या आठवड्यात चहा कपाच्या शेजारी ओतला. मग कप उचलून प्यायले. रिकामा. वर म्हणाले, छान झालाय."

"वय झालंय त्यांचं. तुमचं नाही होणार?" बायकोचा आवाज चढला. "माझे बाबा आहेत ते. तुमच्या चौकातले कोणी ट्रकवाले नाहीत."

"बटण," शिट्टीमास्तरांनी शक्य तितक्या हळू विचारलं, "तुम्ही सांगितलंच नाही तर काय होतं?"

"सांगतोच की आम्ही," बटण म्हणाली. असला अडाणी प्रश्न विचारणाऱ्या बापाची तिला दया आली असावी. तिने त्याला पाण्याचा पेला पुढे सरकवला.

जेवण अर्धवट टाकून शिट्टीमास्तर चौकीत गेले. साहेब टेबलावर पाय ठेवून बसले होते. सगळं ऐकताना त्यांचा आधी एक पाय खाली आला, मग दुसरा.

"प्यायले होते का?"

"चहासुद्धा कपाबाहेर जातो साहेब. पिणार काय?"

"वेग?"

"बैलगाडी मागून हॉर्न देते."

"कुणाला धडक? अपघात? तक्रार?"

"एक नाही."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. चोर कसा धरायचा, दारुड्याला सरळ रेषेत कसं चालवायचं, हे त्यांना झोपेतही येत होतं. पण जो माणूस कुठलाच नियम मोडत नाही आणि ज्याला फक्त दिसत नाही, त्याचं काय करायचं?

"हे बघा," ते शेवटी म्हणाले, "आजारी माणूस चोर नसतो. त्याला चोरासारखं वागवायचं नाही. हातकडी नाही, दमदाटी नाही, पोरांसमोर अपमान नाही. पण गाडीही सोडायची नाही. चौकात थांबवा, नजर जरा तपासा, खात्री झाली की लायसन्स आणि चावी ठेवून घ्या आणि डॉक्टरकडे पाठवा. पुढचं डॉक्टर ठरवतील. आणि तपासणी चौकातच करा, घरात नको. घरात बोललात तर ते सासऱ्या-जावयाचं भांडण होईल."

"नजर तपासायची कशी साहेब?"

"बोटं दाखवा. आपल्याकडे आणखी आहे काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टीमास्तरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बटणचं पोट दुखतंय असं जाहीर केलं. बटणने दुखत नसल्याचं ओरडून सांगितलं. तरी तिला पांघरुणात गुंडाळून ते चौकात येऊन उभे राहिले. मनावरचं निम्मं ओझं उतरलं होतं.

ते फार वेळ उतरलेलं राहिलं नाही. रस्त्याच्या टोकाकडून बायको पळत येताना दिसली. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, काखेत शाळेच्या गणवेशातली बटण, आणि बटणचा सूर असा लागलेला की शिट्टीमास्तरांच्या शिट्टीलाही लाज वाटावी.

"अहो," बायको धापा टाकत म्हणाली, "हिला घरी ठेवलीत. बाकीच्यांच्या पोरांचं काय?"

शिट्टीमास्तर व्हॅन येते त्या वळणाकडे बघू लागले. रात्रभर विचार केला होता त्यांनी, साहेबांशी बोलले होते, बोटं कशी धरायची ते आरशासमोर करून पाहिलं होतं. आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. आपली पोर उतरवली की व्हॅन रिकामी होते, असंच जणू ते धरून चालले होते.

"आज जवळचा डोळा माझा होता!" बटण हुंदके देत ओरडली. "आता मामा त्या नव्या मुलाला बसवतील. त्याला डावं-उजवं कळत नाही! तो कुत्र्याला टाटा करतो!"

तेवढ्यात व्हॅन आली.

वळणावरून ती हळूच पुढे सरकली, सोज्वळ, रोजच्यासारखी. शिट्टीमास्तरांनी हात वर केला, थांबा. व्हॅन येत राहिली. दुसरा हात वर केला. व्हॅन येत राहिली. डाव्या बाजूचा टेम्पोवाला त्यांचे हात बघून थांबला, उजवीकडची मोटार थांबली, चौकात फिरणारी गायसुद्धा थांबली. व्हॅन तेवढी येत राहिली, आणि काचेमागून मामा अगदी सरळ शिट्टीमास्तरांच्या तोंडाकडे पाहत होते, प्रसन्नपणे, जसं आपण आभाळाकडे पाहतो तसं.

शिट्टीमास्तरांनी छाती भरून घेतली, शिट्टी ओठांत धरली, आणि गोठले.

व्हॅनसाठी त्यांची एक खास शिट्टी होती. लांब, शेवटी वर जाणारी. ही शिट्टी वाजली की इकडचं तिकडचं सगळं थांबायचं आणि मामांची व्हॅन राजाच्या हत्तीसारखी चौक पार करायची. पोरांना उशीर नको, सासऱ्यांना मान हवा, म्हणून त्यांनीच ही रीत पाडली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. तिचा अर्थ एकच, या. मामांना थांबवायची शिट्टी त्यांनी आजवर कधी वाजवलीच नव्हती. आता काहीही फुंकलं तरी मामा ऐकणार ते 'या'च.

लांबचा डोळा, जवळचा डोळा, आणि चौकातला हा वर्दीतला तिसरा डोळा. म्हणजे आपणही रोज त्या व्हॅनच्या पुढच्या सीटवरच बसलो होतो!

त्यांनी शिट्टी थुंकून दिली आणि व्हॅनच्या पुढ्यात जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडले, "मामा! थांबा!"

आतून एकच कल्ला झाला. "बटणचे बाबा! मामा, समोर बटणचे बाबा! ब्रेक!" ब्रेक कण्हला. व्हॅनचं नाक शिट्टीमास्तरांच्या पट्ट्याच्या बक्कलाला येऊन टेकलं. हळूच, वासरू टेकतं तसं. पुढच्या सीटवरच्या नव्या मुलाने काचेतून त्यांना टाटा केला.

मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "कोण, जावईबापू? शिट्टी का नाही वाजली आज? तब्येत बरी आहे ना?"

"मामा, जरा खाली उतरा."

"पोरांना उशीर होतोय."

"होऊ दे."

हे शब्द शिट्टीमास्तरांच्या तोंडून ऐकून चौक चपापला. मामा दाराला धरून खाली उतरले. लोक जमायला लागले. कोपऱ्यावरचा शिंपी गळ्यातली टेप सावरत धावत आला. त्याची जुळी पोरं व्हॅनमध्ये होती. "काय झालं मास्तर? मामांना अडवता? देवमाणूस आहे तो!"

"मामा," शिट्टीमास्तरांनी हात वर केला, "ही बोटं किती?"

"दोन, मामा, दोन!" आतून पोरं ओरडली.

"दोन," मामा म्हणाले.

"आता?"

"चार!"

"चार," मामा म्हणाले. "जावईबापू, तुम्हाला पाढे शिकवायचेत की काय?"

लोक हसले. शिंपी तर टाळी द्यायला कोणी मिळतंय का ते बघू लागला. शिट्टीमास्तर व्हॅनच्या खिडकीशी गेले. "पोरांनो, सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवा. एक शब्द नाही." पोरांनी ठेवलं. मग ते मामांच्या समोर, हातभर अंतरावर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले.

"आता सांगा मामा. किती?"

मामांनी डोळे बारीक केले. मान थोडी डावीकडे कलवली, मग उजवीकडे. पोरांच्या बाजूला कान दिला. आतून काही आलं नाही.

"तीन," मामा म्हणाले.

शिंप्याचा टाळीसाठी वर गेलेला हात वरच राहिला. कोणीतरी तोंडावर पदर धरला. बायको, म्हणजे मामांची लेक, पुढे येता येता जागीच थबकली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांचा हात समोर नाहीये."

"ऊन येतंय गं डोळ्यांवर."

आभाळ सकाळपासून ढगांनी भरलेलं होतं. कुणीही वर पाहिलं नाही.

"आमची पोरं…" शिंपी चाचरत म्हणाला, "घरी म्हणायची खरी. आज आम्ही मामांचे डोळे होतो म्हणून. मला वाटलं, पोरांचं काहीतरी नाटक."

"आमचीही," मागून एक बाई म्हणाली. "मी म्हटलं, बडबड पुरे, आधी जेव."

घराघरांत पोरांनी सांगितलं होतं. घराघरांत ते ऐकलं गेलं होतं, ऐकून हसून सोडलं गेलं होतं. आता ते सगळे एकमेकांकडे न बघता व्हॅनकडे बघत होते. प्रत्येक जण आपापलं पोर खिडकीत आहे का ते शोधत होता.

तरी शिंपी हट्टी. खोट्या आशेचा धागा तो सहज सोडणार नव्हता. "पण मास्तर, पोरं हुशार आहेत आपली. सांगतात बरोबर. एक ओरखडा नाही गाडीला. नसेल मामांना दिसत, पण पोरांचे डोळे आहेत ना? सगळे मिळून…"

"काल नव्हते," खिडकीतून त्याचाच एक जुळा म्हणाला. तोंडावरचं बोट त्याने बोलण्यापुरतं बाजूला केलं होतं. "काल येताना आम्ही सगळे झोपलो होतो. खेळाचा तास होता ना. बटणपण झोपलेली. मी जागा झालो तर घर आलेलं."

बटणने आईच्या काखेतून मान हलवली. "हो. मला काल गोळी दुपारची नाही मिळाली. सकाळचीच मिळाली. तीच मी रात्रीपर्यंत पुरवली."

शिट्टीमास्तरांनी मामांकडे पाहिलं. मघाचं हसू मामांच्या चेहऱ्यावर अजून होतं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला होता.

"मामा, काल गाडी कोणी आणली?"

मामांनी व्हॅनच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग बोलले ते जावयाशी नाही, कुणाशीच नाही.

"हाका मारल्या मी. नावं घेऊन मारल्या. एकानेही ओ दिली नाही. थांबावं म्हटलं, तर कडेला घ्यायची कशी? कड कुठे आहे ते कोण सांगणार? मधेच थांबलो तर मागून कोणी ठोकेल, पोरं मागच्या बाजूला झोपलेली. म्हणून चालवत राहिलो. पुलावर चाकांचा आवाज बदलतो, तो आला. बेकरीचा वास आला, तिथे वळलो. हॉर्न दाबून धरला होता, तरी पोरं उठली नाहीत." त्यांनी ओठ चाटले. "मधे एक बाई ओरडली. अगदी जवळून ओरडली. कशाला ओरडली ते मला कळलं नाही जावईबापू. कशी विचारू, आणि कुणाला?"

काल चौकीत कसली वर्दी आली नव्हती, हे शिट्टीमास्तरांनी मनात पुन्हा पुन्हा घोकलं. धडक नाही, जखमी नाही, तक्रार नाही. साहेबांना त्यांनी किती ठसक्यात सांगितलं होतं, एक नाही म्हणून.

"कुणाला लागलं नाही मामा," ते म्हणाले. "लागलं असतं तर कळलं असतं."

"कळलं असतं ना?" मामांनी विचारलं. "तुम्हाला नक्की कळलं असतं?"

"नक्की."

मामांनी हात आत घातला, चावी काढली आणि पुढे धरली. शिट्टीमास्तर उभे होते त्याच्या जरा बाजूला, हवेत. शिट्टीमास्तर सरकून चावीच्या समोर गेले आणि तिथे उभे राहिले, जणू पहिल्यापासून तिथेच होते. दोन्ही हातांनी त्यांनी ती घेतली. खिशातलं लायसन्सही मामांनी न मागता दिलं.

"आज दुपारी डॉक्टरकडे जाऊ," शिट्टीमास्तर म्हणाले. "मी येतो बरोबर. ऑपरेशनने सुधारत असेल तर सुधारेल."

"आणि नसेल सुधारत तर?"

याचं उत्तर साहेबांनीही सांगितलेलं नव्हतं.

आता प्रश्न व्हॅनचा. चावी हवालदाराच्या हातात, आणि हवालदाराला गाडी येत नाही! टेम्पोवाल्याने आणि शिंप्याने मिळून ती ढकलत कडेला लावली. शिंपी ढकलताना रडत होता आणि घाम पुसतोय असं दाखवत होता. मग पोरांना खाली उतरवलं, हातात हात दिले, आणि शिट्टीमास्तरांनी चारही बाजूंची वाहनं अशी थांबवून धरली की पलीकडच्या गल्लीतली एक मिरवणारी कोंबडीही एका पायावर उभी राहिली म्हणतात. पोरांची रांग शाळेकडे गेली. शाळेची घंटा कधीच होऊन गेली होती. रांगेच्या पुढे शिंपी होता, मागे बटण. नव्या मुलाला ती डावं म्हणजे कोणता हात ते शिकवत होती.

मामा व्हॅनला टेकून उभे होते. रांगेचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर त्यांनी पत्र्यावरचा हात काढला, एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले.

"जावईबापू," त्यांनी हलकेच विचारलं, "इथून माझं घर कुठल्या बाजूला?"

घर समोरच्या गल्लीत होतं. जन्म गेला होता त्यांचा त्या गल्लीत. चौकातून त्यांच्या दाराचा निळा रंग दिसत होता. शिट्टीमास्तरांचा हात सवयीने तिकडे वर गेला. पण बोट दाखवून उपयोग नव्हता.

बायको पुढे झाली. कालपासून नवऱ्याशी भांडायला तिने जे जे साठवून ठेवलं होतं ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. तिने बापाचा दंड धरला. "चला बाबा. मी नेते."

"किती दिवसांपासून चालत गेलो नाही गं मी. व्हॅन दारातच असते ना. दारातून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून दारात."

"हो बाबा."

"तुला कळलं नाही?"

एका पायातली चप्पल तिने तिथेच काढून टाकली आणि बापाच्या पावलाला पाऊल मिळवून चालू लागली. दुसऱ्या बाजूने शिट्टीमास्तर आले. तिघं चौक ओलांडत होते तेव्हा कोणी हॉर्न दिला नाही.

"पुढे पायरी आहे बाबा," फुटपाथ जवळ आला तशी ती म्हणाली.

"माहितीये मला," मामा म्हणाले आणि त्यांनी पाय उचलला. उंच, घोटा पार गुडघ्यापर्यंत. पायरी अजून चांगली दोन हात लांब होती. पाय हवेत तसाच राहिला, पायरी शोधत. ती दोघं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून रस्त्यात उभी राहिली, तो पाय आपणहून खाली येईपर्यंत.